कॅन्सर हटला तर आयुष्य किती वाढेल?

प्रश्न: मुलाकडे न्यू जर्सीला गेलो असताना वाचलं, की अमेरिकेत कॅन्सरचा मृत्युदर तीस वर्षांत जवळपास एक-तृतीयांशाने घटला. मग तिथलं सरासरी आयुर्मान त्या मानाने का वाढलं नाही?

उत्तर: वाचलंत ते खरं आहे. मात्र हा दर लोकसंख्येतला वयाचा फरक वजा करून काढलेला असतो. वृद्धांची संख्या वाढल्यामुळे कॅन्सरने जाणाऱ्यांचा नुसता आकडा आजही वर्षाला सहा लाखांच्या आसपास आहे.

आयुर्मानाचं गणित जरा खट्याळ आहे. कॅन्सरने दगावणारे बहुतेक जण साठी ओलांडलेले असतात. त्यातून वाचलेला माणूस काही अमरपट्टा घेऊन येत नाही. पुढे हृदयविकार, पक्षाघात, स्मृतिभ्रंश उभेच असतात. म्हणून उद्या कॅन्सर समूळ नाहीसा झाला, तरी सरासरीत भर पडेल ती जेमतेम तीनेक वर्षांची. उलट पंचविशीतल्या मुलाचा अपघाती मृत्यू टळला, तर एकदम पन्नास वर्षं जमा होतात.

खरी कमाई हृदयाची. १९५० मध्ये ६८च्या घरात असलेलं आयुर्मान २०१९ मध्ये ७८.८ झालं, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या आणि सुटलेल्या सिगारेटी यांचा वाटा मोठा. पण २०१० नंतर हृदयविकाराच्या मृत्युदरातली घट मंदावली. लठ्ठपणा आणि मधुमेह आडवे आले. बातम्या होतात त्या अमली पदार्थांनी गेलेल्या तरुणांच्या, आणि तेही नुकसान मोठंच. तरी मला ही मरगळ अधिक चिंतेची वाटते. हृदयविकार आजही तिथे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण आहे.