सही करण्याआधी यंत्राची पाटी वाचा

भंडारा जिल्ह्यातून अमेरिका-कॅनडात येणाऱ्या कुटुंबांसाठी, इथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या अनुभवातून

साकोली, तुमसर, पवनीकडच्या माणसाला ऊन नवं नाही. नवतपा लागण्याआधी कूलरच्या ताट्या बदलायच्या, पंप पाणी ओढतो का ते बघायचं, ही कामं घरातलं कोणीही करतं. इथे मात्र घर गरम-थंड करणारं यंत्र बेसमेंटमध्ये किंवा माळ्यावर नजरेआड असतं. ते बिघडतं तेव्हाच त्याची आठवण होते. 30 जानेवारी 2019 रोजी शिकागोत पारा उणे 30 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला होता. अशा थंडीत, लेकरं कुडकुडत असताना, समोरचा सांगेल त्या किमतीवर माणूस सही करतो. ती वेळ येऊ नये म्हणून घर बघायला जाल तेव्हाच यंत्राचं वय आणि कार्यक्षमता तपासा. बहुतेक वेळा दोन्ही गोष्टींचा माग यंत्रावरच्या पाटीवरून लागतो.

आधी यंत्र ओळखा

गॅसवर हवा तापवून ती डक्टमधून खोल्यांत सोडते ती फर्नेस. बाहेर पंख्याची पेटी असेल तर तो एसी असेल किंवा हीट पंप. थर्मोस्टॅटवर ‘इमर्जन्सी हीट’ हा पर्याय दिसला तर बहुधा हीट पंप समजा. तोच हिवाळ्यात घर गरमही करतो.

वय कसं काढायचं

फर्नेसची पाटी बहुतेक वेळा पुढच्या झाकणाच्या आत असते. झाकण काढण्याआधी यंत्राचा स्विच बंद करा. बाहेरच्या पेटीची पाटी मागे किंवा बाजूला, तांब्याच्या नळ्यांजवळ असते. मोबाईलवर स्पष्ट फोटो काढा. मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर दोन्ही यायला हवेत. काही पाट्यांवर निर्मितीचा महिना आणि वर्ष सरळ छापलेलं असतं. नसेल तर सीरियल नंबरवरून काढता येतं:

- कॅरिअर, ब्रायंट: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष.
- गुडमन: पहिले दोन वर्ष, पुढचे दोन महिना.
- लेनॉक्स: पहिले दोन कारखान्याचे, पुढचे दोन वर्ष, मग महिन्याचं अक्षर.
- रीम: सुरुवातीच्या अक्षरानंतर दोन आकडे आठवडा, दोन वर्ष.
- ट्रेन: 2010 पासून पहिले दोन वर्ष, पुढचे दोन आठवडा.

कंपनी बघितल्याशिवाय आकडे वाचू नका. 0812 ने सुरू होणारा नंबर कॅरिअरवर 2012 चा आठवा आठवडा सांगतो, तर गुडमनवर डिसेंबर 2008. जुन्या यंत्रांवर पद्धती वेगळ्या होत्या, म्हणून शंका असेल तर कंपनीला फोन करून नंबर सांगा. घर कधी बांधलं यावरून यंत्राचं वय ठरवू नका. मधल्या काळात ते बदललेलं असू शकतं.

कार्यक्षमता कशी ओळखायची

फर्नेससाठी एएफयूई हा टक्का बघा. 80 टक्के म्हणजे जाळलेल्या 100 रुपयांच्या गॅसमधली 80 रुपयांची ऊब घरात येते, 20 रुपये धुरासोबत बाहेर जातात. आकडा सापडला नाही तर धुराचा पाइप बघा. प्लॅस्टिकचा पाइप भिंतीतून बाहेर जात असेल आणि पाणी निथळायला नळी असेल, तर फर्नेस 90 टक्क्यांच्या वरची आहे. धुरातल्या वाफेचं पाणी करून ती उष्णताही घरात घेते. धातूचा पाइप चिमणीत जात असेल तर साधारण 80 टक्के किंवा कमी. आत छोटी ज्योत सतत जळत असेल तर यंत्र बरंच जुनं आहे.

कॅनडात 2009 च्या अखेरीपासून नव्या घरगुती गॅस फर्नेसला किमान 90 टक्के आणि 2019 पासून 95 टक्के सक्तीचे आहेत. अमेरिकेत 2015 पासूनची मर्यादा 80 टक्के आहे, त्यामुळे तिथे नव्या दिसणाऱ्या घरातही 80 ची फर्नेस निघते. 80 ऐवजी 96 टक्क्यांची लावली तर तेवढ्याच उबेला गॅस साधारण सहावा हिस्सा कमी लागतो.

एसीसाठी एसईईआर हा कार्यक्षमतेचा आकडा बघा. अमेरिकेत किमान मर्यादा 1992 पासून 10 आणि 2006 पासून 13 झाली. म्हणून 10 लिहिलेला एसी 2006 च्या आधीचा. ‘एसईईआर2’ ही मोजणी 2023 पासून लागू आहे. पाटीवर आर-22 वायू असेल तर जपून: अमेरिकेत त्याचं नवं उत्पादन आणि आयात 2020 पासून बंद आहे, गळती झाली तर भरणं महाग पडतं. आणखी एक खबरदारी: बाहेरची पेटी नवी आणि आतली कॉइल जुनी असेल, तर पेटीवरचा आकडा प्रत्यक्षात मिळत नाही. दोन्हींचे मॉडेल नंबर एएचआरआय या उद्योगसंस्थेच्या यादीत टाकून जोडीचा आकडा काढा.

भाड्याचं घर असेल तर यंत्र किती खर्च करतं ते कळायला जानेवारी-फेब्रुवारीची गॅस आणि विजेची बिलं मागा.

बदलायचं की ठेवायचं

फर्नेस साधारण 15 ते 20 वर्षं, एसी आणि हीट पंप 10 ते 15 वर्षं चालतात. पण 17 वर्षांची, नियमित सर्व्हिस झालेली फर्नेस नुसत्या वयावरून मोडीत काढू नका. वय माहीत असलं की पैसे साठवायला वेळ मिळतो आणि तीन ठिकाणचे दर उन्हाळ्यात निवांत मागवता येतात. ‘हीट एक्स्चेंजरला तडा आहे’ असं कोणी म्हटलं तर तड्याचा फोटो मागा आणि दुसऱ्या तंत्रज्ञाकडून खात्री करा. तोवर फर्नेस बंद ठेवा. अशा तड्यातून कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो आणि त्याला रंग-वास नसतो. प्रत्येक मजल्यावर त्याचा अलार्म हवाच, आणि तो वाजला तर सगळ्यांनी आधी घराबाहेर पडायचं, मग मदतीला फोन.

ऑन्टारिओत फर्नेस आणि वॉटर हीटर अनेकदा भाडेकराराने दिलेले असतात. घर घेताना वकिलाला हे विचारा, नाहीतर हप्ते तुमच्या गळ्यात येतात. न बोलावता दारावर येऊन असे करार करायला तिथे मार्च 2018 पासून बंदी आहे. अमेरिकेत एसी, फर्नेससाठी मिळणारी केंद्रीय करसवलत 2025 अखेर संपली. तिचं आमिष दाखवणाऱ्यावर विसंबू नका.

गावच्या घरासाठीही

आई-बाबांसाठी भंडाऱ्यात एसी घ्याल तेव्हा तारे मोजून थांबू नका. बीईईच्या लेबलवर कालावधी छापलेला असतो आणि दर काही वर्षांनी निकष कडक होतात, त्यामुळे जुन्या साठ्यातले पाच तारे नव्या मोजणीत कमी भरतात. दोन यंत्रांची तुलना आयएसईईआर या कार्यक्षमतेच्या आकड्याने करा. जितका मोठा तितकं बिल कमी. दुकानातूनच लेबलचा फोटो मागवा, आणि तो बघूनच पैसे पाठवा.