गोळी बंद केल्याची साक्ष

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या एका रविवारी मी मंडळीपुढे उभी राहिले आणि साक्ष दिली. यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बारा वर्षांची ब्लडप्रेशरची गोळी सुटली होती. बाहेरगावच्या एका सभेत यांच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं तर १३० आणि ८४. “प्रभूनं बरं केलंय, आता गोळी म्हणजे अविश्वास,” असं तिथं सांगितलं गेलं होतं आणि मला ते मनापासून पटलं होतं. डॉक्टरांना आम्ही विचारलं नाही. तो १३० चा आकडा आदल्या रात्री घेतलेल्या गोळीनंच आणला होता, एवढी साधी गोष्ट ३१ वर्षं मुलांना शिकवणाऱ्या माझ्या लक्षात आली नाही. ब्लडप्रेशर वाढलं म्हणून काही दुखत नाही. त्यामुळे पुढचे दोन महिने आम्ही आनंदात होतो.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी साडेसातला घरच्या उपासनेत हे शास्त्रवाचन करत होते. मधेच शब्द एकमेकांत अडकायला लागले. मला वाटलं, चष्मा बदलायला झालाय. मग उजव्या हातातून पुस्तक निसटलं, तोंडाची उजवी बाजू ओघळली. माझ्याकडे बघत होते, पण मी कोण ते सांगता येत नव्हतं.

मी गुडघे टेकले. मग फोन केले, एकामागून एक, सगळे प्रार्थनेसाठी. अर्ध्या तासात घर भरलं. कोणी कपाळाला तेल लावलं, कोणी गीत सुरू केलं. एकीनं मायेनं चमच्यानं पाणी पाजलं, तर यांना जोराचा ठसका लागला. माणसं प्रेमानं आली होती. आजही माझा त्यांच्यावर राग नाही, कारण त्यांना बोलावणारी मीच होते आणि १०८ ला फोन न करणारीही मीच.

दहाला नणंद पोहोचली. तिनं आयुष्यभर नर्सची नोकरी केली. दारातूनच ओरडली, “वहिनी, किती वेळ झाला? वेळ सांगा मला!” शेजाऱ्यांच्या गाडीतून निघालो. पहिल्या दवाखान्यात सीटी स्कॅन नव्हता. दुसरीकडे पोहोचेपर्यंत साडेअकरा. स्कॅन होऊन रिपोर्ट हातात आला तेव्हा बारा वाजून गेले होते. मेंदूत गुठळी होती. ती विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही जितकं लवकर तितकं चांगलं. आमचे साडेचार तास संपले होते.

म्हणून हे सांगते. तोंड वाकडं झालं, एक हात गळला किंवा बोलणं तुटक झालं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी घड्याळ बघा, वेळ कागदावर लिहा आणि १०८ लावा. निघण्याआधी फोन करून विचारा, सीटी स्कॅन आहे का, ते इंजेक्शन मिळतं का. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं. ॲस्पिरिनही आपल्या मनानं देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय डॉक्टरांनाही कळत नाही. रेशनकार्ड आणि आधार बरोबर घ्या. महात्मा फुले योजनेतलं रुग्णालय असेल तर तिथं आरोग्यमित्र कुठे बसतात ते विचारा. आणि हे सगळं करताना प्रार्थना करा. गाडीत करता येते. मी त्या रात्री गाडीत केली, ती माझ्या आयुष्यातली सर्वांत खरी प्रार्थना होती.

रुग्णालयाच्या बाकावर मला हिज्कीया राजाची गोष्ट आठवत राहिली. संडे स्कूलमध्ये मी ती कितीदा शिकवली असेल! राजा मरणाला टेकलेला, भिंतीकडे तोंड करून रडतो, आणि देव यशया संदेष्ट्याच्या तोंडून त्याला आणखी १५ वर्षं देतो. मुलांना मी इथवर सांगून थांबायचे. पुढची ओळ सोडून द्यायचे, बारीकसारीक तपशील म्हणून. वचन मिळाल्यावर यशया अंजिरांची चांदकी मागवतो आणि ती राजाच्या गळवावर बांधतात. देवाचा शब्द ज्यानं स्वतः ऐकला, त्याला औषध बांधताना आपला विश्वास कमी पडतोय असं वाटलं नाही. माझी आजी दौंडजवळच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. तिथं पहाटे प्रार्थना होई आणि मग मुली शेतात, मागावर, छापखान्यात कामाला जात. आजीला कधी या दोन्हींत निवड करावी लागली नाही. मी मात्र ती केली.

पुढचे महिने वेगळ्या तऱ्हेनं कठीण गेले. “विश्वास कमी पडला असेल,” असं एकानं हळू आवाजात सांगितलं. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही पाप कोणाचं हेच विचारलं होतं आणि येशूनं तो प्रश्नच नाकारला होता. हे मला माहीत असूनही ते बोलणं आठवडाभर काट्यासारखं सलत राहिलं. आजारी माणसाच्या घरी जाताना कारणं नेऊ नका. आमच्या पाळकसाहेबांनी एक रात्र यांच्याजवळ बसून काढली आणि मला सहा तास झोपू दिलं. त्या रात्री ते काय बोलले ते मला आठवत नाही, बहुतेक काही बोललेच नाहीत.

बऱ्याच महिन्यांनी मी पुन्हा मंडळीपुढे उभी राहिले. पहिल्या साक्षीत झालेली चूक सांगितली. गोळी आम्ही बंद केली होती, देवानं तसं सांगितलं नव्हतं, असं स्पष्ट म्हणाले. पाय थरथरत होते. उपासनेनंतर चार जण भेटले. चौघांनीही कधी ना कधी गोळी सोडली होती, त्यांतल्या दोघांनी माझी पहिली साक्ष ऐकून.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी नणंद चर्चच्या व्हरांड्यात मशीन घेऊन बसते. कोणाचं १८० भरलं की मी सोमवारी त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाते.

यांना अजून माझं नाव पटकन सापडत नाही. पण गीत सुरू झालं की शब्द आपोआप येतात, पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत. उपासना संपली की मी गोळी हातावर ठेवते. ते डाव्या हातानं घेतात, आणि आमेन म्हणतात.