सुट्टीच्या दिवशी रोपांची खरेदी : माल पारखण्याचा एक धडा

मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. पुण्या-मुंबईच्या बाजारांत पेठेपरत्वे सुट्टीचा वार वेगळा असतो. वार कोणताही असो, आपल्या व्यापारी बांधवांची सुट्टी बहुधा उधारीच्या वसुलीत आणि उरलेली झोपेत जाते. एखादी सुट्टी घरच्यांना घेऊन रोपवाटिकेत आणि नंतर गच्चीवर घालवून पाहावी, असे सुचवावेसे वाटते. मन प्रसन्न होते हे तर खरेच, पण ज्याचा धंदाच माल पारखण्याचा आहे, त्याला तेथे शिकण्यासारखेही पुष्कळ सापडते.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले की हडपसर, मांजरी आणि पुढे सुमारे तीस किलोमीटरवर उरुळी कांचन, या पट्ट्यात रोपवाटिकाच रोपवाटिका आहेत. जायचे तर सकाळी लवकर जावे. ऊन चढले की चांगली रोपेही माना टाकतात, मग आजारी कोणते आणि नुसते तहानलेले कोणते हे नवख्याला ओळखता येत नाही.

प्रस्तुत लेखकाचे लोखंडी सामानाचे दुकान आहे. बोल्टचा आटा बोटाने चाचपून माल परत पाठवणारा हा माणूस रोपवाटिकेत पहिल्याच खेपेस फसला. अम्मींना मोगरा हवा होता. जुन्या घराच्या अंगणातला त्यांचा मोगरा घर पाडले तेव्हा गेला, तो त्यांच्या मनातून जात नव्हता. फुलांनी लगडलेली एक कुंडी दिसली, ती फारशी घासाघीस न करता उचलली. पंधरा दिवसांत पाने पिवळी पडली आणि महिन्याभरात नुसत्या काटक्या राहिल्या. उपटून पाहिले तर मोठ्या कुंडीच्या मधोमध मूठभर मुळे. लहान पिशवीतले रोप नुकतेच मोठ्या कुंडीत बसवले होते आणि भाव मोठ्या कुंडीचा लावला होता. विकणाऱ्याने सांगितले नाही, ही त्याची चूक झाली. परंतु आम्ही विचारलेही नाही. अम्मी काही बोलल्या नाहीत. कुंडी धुऊन त्यांनी कोपऱ्यात पालथी घातली, एवढेच.

पारख कशी करावी?

रोपाचे खोड मातीलगत दोन बोटांत धरून अगदी हलके वर ओढावे. माती सैल होऊन रोप हलले तर ते नुकतेच बसवलेले आहे असे समजावे. मग पिशवीचा तळ पाहावा. भोकांतून पांढरी कोवळी मुळे डोकावत असतील तर उत्तम. जाड तपकिरी मुळे पिशवी फाडून जमिनीत शिरली असतील, तर तो माल फार दिवस पडून आहे आणि उचलताना त्याची मुळे तुटणार. पाने उलटी करून व फांदीच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके आहेत का ते पाहावे. हा पिठ्या ढेकूण. असे एक रोप घरी आले की शेजारच्या कुंड्याही धोक्यात येतात. फुले मोजण्यापेक्षा नवे फुटवे मोजावेत, कारण आजची फुले चार दिवसांत गळणारच आहेत.

गुलाबाचे कलम घेताना जोड पक्का आहे का ते पाहावे. जोडाच्या खालून येणारा फुटवा रानटी खुंटाचा असतो. तो जोमाने वाढतो म्हणून माणूस खूश होतो आणि वरचे कलम उपाशी मरते. तो मुळाशीच काढून टाकावा.

कागदी लिंबाची गोष्ट वेगळी. ‘कलम आहे’ म्हणून जादा पैसे मोजण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे की, या लिंबाची रोपे आपल्याकडे बहुतांशी बियांपासूनच करतात आणि ती बरीचशी मूळ झाडासारखीच निपजतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘साई सरबती’ ही जात प्रसिद्ध आहे. बियांच्या रोपाला फळ धरण्यास मात्र चार-पाच वर्षे लागतात. फळझाडांची रोपे विकणाऱ्या रोपवाटिकेला १९६९च्या राज्य कायद्याने परवाना लागतो. तेव्हा परवाना विचारण्यात आणि जातीच्या नावासह पावती मागण्यात संकोच कसला? आपल्या गिऱ्हाइकाने पावती मागितली तर आपण देतोच.

रोपवाल्याची बाजूही समजून घ्यावी. आमचा बोल्ट वर्षभर फळीवर पडून राहिला तरी त्याला पाणी घालावे लागत नाही. याच्या मालाला रोज पाणी लागते, आणि यंदा न खपलेले रोप पुढच्या वर्षी मोठ्या पिशवीत हलवावे लागते, त्याची माती आणि मजुरी वेगळी. हा हिशेब कळला की वाजवी भाव कोणता आणि घासाघीस कुठे करावी, हे आपोआप समजते.

घरी आल्यावर

टेम्पोत रोपे उघडी आणू नयेत, वाऱ्याने पाने करपतात. दोन दिवस सावलीत ठेवून मग संध्याकाळी कुंडीत लावावीत. पिशवी ब्लेडने कापावी, ओढून काढू नये, मुळांचा गोळा फुटता कामा नये. निव्वळ काळी माती कुंडीत घालू नये. ती भिजली की फुगते, वाळली की तडे जातात आणि मुळे तुटतात. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड हे प्रमाण चालते. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवण्यास विसरू नये.

बारा इंची मातीची कुंडी भिजल्यावर पंचवीस किलोच्या आसपास भरते. तेव्हा गच्चीच्या मधोमध गर्दी न करता खालून भिंत किंवा तुळई आहे तेथे कुंड्या मांडाव्यात, आणि त्याही विटांवर किंवा लोखंडी घडवंचीवर. अशा घडवंच्या आपले वेल्डर बांधव उरलेल्या अँगलमधून सहज करतात. ते एक बरे जोडकाम आहे. पाणी रोज ठरावीक घालण्याऐवजी बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी नको. कुंडीतली झाडे तहानेपेक्षा अति पाण्याने जास्त मरतात.

मोगऱ्याला दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवे. डिसेंबरपासून पाणी कमी करत न्यावे, जानेवारीअखेर छाटणी करून खत द्यावे आणि मग पाणी वाढवावे. मोगऱ्याला कळी नव्या फुटीवर येते, हे छाटणीचे कारण.

दुसऱ्या खेपेस आम्ही बटमोगऱ्याचे फूल नसलेले रोप आणले. अम्मींनी ते पाहून विचारले, “हे काय, नुसती पानेच?” जानेवारीत त्यावर कात्री चालवली तेव्हा दोन दिवस त्या गच्चीवर फिरकल्या नाहीत. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी दुकानाला निघताना त्यांनी हाक मारली. ओंजळीत सात कळ्या होत्या. त्यातल्या दोन त्यांनी गल्ल्यावर ठेवायला दिल्या.