जर्मन फुटबॉल खेळाडू बिर्गिट प्रिन्झ

पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल मंडळानें ३० जुलै १९५५ रोजीं असा ठराव केला कीं, मंडळाशीं संलग्न असलेल्या कोणत्याही क्लबानें स्त्रियांस खेळण्यासाठीं आपलें मैदान देऊं नये व त्यांच्या सामन्यांस पंच पुरवूं नयेत. कारण असें सांगण्यांत आलें कीं, चेंडूसाठीं झोंबाझोंबी करितांना स्त्रीचें लावण्य नाहींसें होतें आणि तिच्या देहास व मनास इजा पोंचते. हें ज्ञान मंडळास कोठून झालें, तें देवच जाणे! ही बंदी पंधरा वर्षें टिकली. १९७० च्या ऑक्टोबरांत ती उठली, तीही अटी घालून: चेंडू हलका असावा, खेळाचा वेळ कमी असावा, खिळ्यांचे बूट नसावेत.

विद्यार्थी व विद्यार्थिनींनो, हें प्रथम सांगण्याचें कारण इतकेंच कीं, जिच्याविषयीं हा पाठ आहे, ती बिर्गिट प्रिन्झ त्यानंतर अवघ्या सात वर्षांनीं, २५ ऑक्टोबर १९७७ रोजीं, फ्रांकफुर्ट शहरीं जन्मली. ती अकरा वर्षांची असतां जर्मनीच्या स्त्रियांनीं युरोपचें अजिंक्यपद मिळविलें. तेव्हां मंडळानें त्यांस बक्षीस म्हणून कॉफीच्या कपबशा दिल्या.

१९९४ च्या जुलैमध्यें, सोळाव्या वर्षीं, ती जर्मनीच्या संघांतून कॅनडाविरुद्ध प्रथम खेळली. तिला बदली खेळाडू म्हणून मागाहून मैदानांत उतरविलें होतें. सामना संपत आला असतां तिनें गोल केला व त्यानें जर्मनीस जय मिळाला. पुढील वर्षीं ती विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत खेळली, तेव्हां तिचें वय सतरा होतें. तो सामना मात्र नॉर्वेनें जिंकला. उंच, दणकट बांधा व वेगवान धांव हें तिचें मोठें बळ होतें. पाठीशीं प्रतिपक्षाची खेळाडू भिडली असली तरी ती चेंडू सोडीत नसे.

आपल्या पालकांपैकीं कित्येकांच्या मनांत येईल कीं, हें सर्व ठीक, पण खेळानें मुलीचें पोट भरतें काय? प्रश्न रास्त आहे. प्रिन्झच्या तरुणपणीं जर्मनींतील बहुतेक स्त्री-खेळाडू दुसरें कामकाज किंवा शिक्षण सांभाळून खेळत असत. तिनेंही अंगमर्दन व व्यायामोपचार यांचें शिक्षण घेतलें. २००१ पासून अमेरिकेंत स्त्रियांची अशी एक स्पर्धा सुरू झाली होती कीं, जींतील सर्व खेळाडूंस वेतन मिळे. प्रिन्झ २००२ सालीं तेथें कॅरोलायना संघांत गेली व त्याच वर्षीं त्या संघानें अजिंक्यपद मिळविलें. पण ही स्पर्धा तीनच हंगाम चालली. पैशाच्या अभावीं १५ सप्टेंबर २००३ रोजीं ती बंद झाल्याचें जाहीर झालें, आणि पांचच दिवसांनीं त्याच देशांत स्त्रियांचा विश्वचषक सुरू व्हावयाचा होता! त्या विश्वचषकांत प्रिन्झनें सर्वाधिक, म्हणजे सात गोल केले व ती सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. अंतिम सामन्यांत जर्मनीनें स्वीडनला जादा वेळांत हरविलें.

त्याच वर्षाच्या अखेरीस इटलींतील पेरुजा क्लबाच्या अध्यक्षानें तिला पुरुषांच्या संघांत खेळण्यास बोलाविलें. तो संघ तेव्हां इटलीच्या पहिल्या श्रेणींत होता. तिनें नकार दिला. खेळण्याऐवजीं बाकावर बसावें लागेल व आपलें नांव केवळ जाहिरातीच्या कामीं येईल, हें तिनें ओळखलें. माझ्या मतें तिच्या चरित्रांतील हा निर्णय कोणत्याही गोलाइतकाच पाहण्यासारखा आहे. २००३, २००४ व २००५ अशीं सलग तीन वर्षें जगांतील सर्वोत्तम स्त्री-खेळाडूचा मान तिला मिळाला, तो स्त्रियांच्या मैदानावर.

२००७ सालीं चीनमध्यें ती कर्णधार होती. पहिल्याच सामन्यांत जर्मनीनें अर्जेंटिनावर अकरा गोल केले. साऱ्या स्पर्धेंत जर्मनीवर एकही गोल झाला नाहीं. शांघाय येथील अंतिम सामन्यांत ब्राझीलविरुद्ध पहिला गोल प्रिन्झचा होता. पुढें मार्ताची पेनल्टी गोलरक्षक नादिन आंगेरर हिनें अडविली, आणि जर्मनी २-० नें जिंकली. विश्वचषकांतील प्रिन्झचे एकूण गोल चौदा झाले. तो उच्चांक मार्तानें २०१५ सालीं मोडला.

पुढचा विश्वचषक, २०११ चा, तिच्या स्वदेशींच झाला. बर्लिनमधील पहिल्या सामन्यास ७३,००० हून अधिक प्रेक्षक होते. ज्या देशांत एकेकाळीं स्त्रियांस मैदान देण्यास मनाई होती, तेथेंच हा समुदाय लोटला होता. पण प्रिन्झ आतां तेहतीस वर्षांची झाली होती. पहिल्या दोन्ही सामन्यांत उत्तरार्ध सुरू झाल्यावर थोड्याच वेळांत तिला बाहेर घेण्यांत आलें. दुसरा सामना तर तिच्या जन्मगांवीं, फ्रांकफुर्ट येथें, होता. तिसऱ्या सामन्यांत ती खेळलीच नाहीं. उपांत्यपूर्व फेरींत जपाननें जादा वेळांत गोल करून जर्मनीस हरविलें, तोही सामना तिनें बाकावरून पाहिला. ज्या बाकाच्या भयानें तिनें इटलीस नकार दिला होता, तो तिच्या वांट्यास स्वतःच्या घरीं आला.

त्याच ऑगस्टमध्यें तिनें खेळांतून निवृत्ति घेतली. देशासाठीं तिनें २१४ सामने खेळून १२८ गोल केले होते. दोन विश्वचषक, युरोपचीं पांच अजिंक्यपदें व ऑलिंपिकचीं तीन कांस्यपदकें इतकी तिची मिळकत होती. शिवाय खेळत असतांनाच तिनें मानसशास्त्राची पदवी घेतली होती. पुढें हॉफेनहाइम येथील क्लबांत ती मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करूं लागली. २०१९ सालीं फ्रान्समधील विश्वचषकासाठीं गेलेल्या जर्मन स्त्रियांच्या संघाबरोबर ती याच नात्यानें होती. सामन्यांत न उतरविलेल्या मुलीही त्या संघांत होत्या.