नवं नाटक बसवताय? आधी हा हिशेब करा

संहिता लिहून झाली आहे, सात-आठ जणांचा गट जमला आहे आणि कुणीतरी नाट्यगृहाची तारीख घ्यायला निघालं आहे. त्याला थांबवा. आधी वाचन करा.

नव्या नाटकातला सर्वांत स्वस्त टप्पा हाच. पन्नास पानी संहिता, आठ प्रती, पानाला दोन रुपये झेरॉक्स: ८०० रुपये. जागा कुणाच्या तरी घराचा हॉल किंवा रविवारी रिकामा असलेला शाळेचा वर्ग. वेळ दोन तास, वर तासभर चर्चा. लेखकानं स्वतः वाचू नये. तो चांगलंच वाचतो आणि त्यातच फसगत होते. पात्रं इतरांना वाटून द्या, मोबाइलवर वेळ लावा, कुठे लोक चुळबुळ करतात ते पानाच्या कडेला टिपा. या टप्प्यावर एक प्रवेश काढायला काही पैसे पडत नाहीत. पंधराव्या तालमीला तोच काढला तर शिवलेले कपडे आणि रुसलेला नट, दोन्ही सांभाळावे लागतात. एकच स्थळ ठेवता येतं का, दोन छोट्या भूमिका एकाला देता येतात का, तेही इथेच बघा. प्रतींवर क्रमांक घाला आणि वाचन संपलं की परत घ्या.

आता कागदपत्रं. लेखकाचा हक्क लिहिताक्षणी तयार होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तरी पुरावा म्हणून हवीच असेल तर कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर स्वतः अर्ज करा. नाट्यकृतीसाठी सरकारी शुल्क ५०० रुपये. अर्ज केला की डायरी क्रमांक मिळतो, हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, पुढची छाननी मात्र महिनोन् महिने चालू शकते. मधला एजंट याच कामाचे काही हजार सांगतो. त्यात सरकारचे ५०० सोडले तर बाकी त्याचे. संहिता स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टानं पाठवायचा जुना उपाय कुणी सुचवला तर विसरा, त्यानं नोंदणी होत नाही.

गटात वाद होतो तो पैशांवरून कमी, ‘नाटक कुणाचं’ यावरून जास्त. तालमीत नटांना सुचलेल्या जागा, दिग्दर्शकानं बदललेला शेवट, हे सगळं नंतर बाहेर निघतं. म्हणून तालमी सुरू होण्याआधी एका पानावर करार लिहा: लेखक कोण, किती प्रयोगांची परवानगी, दर प्रयोगाला लेखकाचं मानधन किती (शून्य असेल तर शून्य लिहा), स्पर्धा, अनुवाद आणि चित्रीकरणाचे हक्क कुणाकडे. सगळ्यांच्या सह्या घ्या. हक्क सोपवताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत. यूट्यूबचं कलम वेगळं ठेवा. ‘फक्त आठवण म्हणून’ केलेलं चित्रीकरण चार महिन्यांनी जाहीर झालेलं दिसतं.

आणखी एक गोष्ट बऱ्याच लेखकांना माहीत नसते. हौशी मंडळानं प्रेक्षकांकडून पैसे न घेता प्रयोग केला तर कॉपीराइट कायद्यात त्याला सूट आहे. म्हणजे तुमचं नाटक कुणी फुकट दाखवलं तर तक्रारीला फारसा वाव नाही, पण तिकीट लावलं की परवानगी हवीच. तुम्ही दुसऱ्याचं नाटक रूपांतरित करत असाल तर मूळ लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क चालू राहतात. गडकऱ्यांचं चालेल, तेंडुलकरांचं विचारल्याशिवाय नाही.

खरा खर्च तालमींचा, आणि तोच अंदाजपत्रकात नसतो. तीस तालमी, तीन-तीन तास, जागेचं भाडं ताशी २०० रुपये धरलं तर १८,००० रुपये झाले. यात चहा नाही, रिक्षा नाही, नऊनंतर वॉचमननं मागितलेले पैसे नाहीत. तुमच्या गावचा दर घालून हे गणित एकदा कराच. शाळा, वाचनालयं, गणेश मंडळांच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात. नुसतं तोंडी ‘या हो’ पुरत नाही, महिन्याचं पत्र घ्या.

पहिल्या प्रयोगाला मोठं नाट्यगृह घेऊ नका. पुण्यात शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, मुंबईत प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिरातलं मिनी थिएटर, अशी छोटी घरं नव्या संहितेला बरी. साठ माणसं तिथे गर्दी वाटतात, बालगंधर्वला तीच साठ माणसं पाहून नटांचा आवाज बसतो. भाडं विचाराल तेव्हा आकडा एकच सांगतील, तुम्ही पुढचे विचारा: अनामत किती आणि परत कधी? एसी भाड्यात की वेगळा? दिवे आणि डिमर कोणते, चालवणारा माणूस धरून का? सेट लावण्याचा वेळ सत्रात मोजता का? सत्र संपल्यावर अर्ध्या तासाचे किती? आकडा जीएसटी धरून की वर १८ टक्के? उत्तरं लेखी घ्या. पडद्यामागच्या कामगारांचं ‘चहापाणी’ कुठल्याच दरपत्रकात नसतं. गटात आधीच रक्कम ठरवा, नाहीतर ऐन वेळी जो भिडस्त असेल त्याच्या खिशातून जाते.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. बोलताना सगळे याला सेन्सॉरच म्हणतात. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत तारखेची जाहिरात करू नका. संहिता पक्की झाली की लगेच पाठवा. सोसायटीच्या आवारात प्रयोग करणार असाल तर ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी घ्या आणि रात्री १० आधी संपवा. चित्रपटगीत वाजवणार असाल तर त्याचा परवाना वेगळा, आणि गीत-संगीताचे हक्क एकाकडे, ध्वनिमुद्रणाचे दुसऱ्याकडे असू शकतात. गटातल्याच कुणाकडून पेटीवर चार सुरावटी करून घ्या, स्वस्तात पडेल.

तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर नाटकाच्या प्रवेशावर जीएसटी नाही. ऑनलाइन विक्री केलीत तर कमिशन किती आणि पैसे किती दिवसांनी जमा होतात, दोन्ही विचारा. भाडं आधी भरायचं असतं आणि विक्रीचे पैसे नंतर येतात. २०० रुपयांची साठ तिकिटं म्हणजे १२,००० रुपये. वरचं तालमीचं भाडंसुद्धा त्यातून निघत नाही. तेव्हा वर्गणी आधीच गोळा करा, ‘तिकिटातून भागवू’ म्हणणाऱ्याला खजिनदार करू नका.

‘लेखकानं प्रयोगाचा खर्च भरावा, आम्ही नाव करून देतो’ असं सांगणारी मंडळी भेटतील. नको म्हणा. कार्यशाळेचं शुल्क देणं ठीक आहे, पण त्यात किती सत्रं, कोण शिकवणार आणि शेवटी वाचन आहे की नाही, हे पैसे भरण्याआधी कागदावर हवं.

भाडं वाचवायचा सरळ मार्ग स्पर्धेचा. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी राज्य नाट्य स्पर्धेत किंवा खुल्या एकांकिका स्पर्धेत रंगमंच आयोजकांचा असतो. पुरुषोत्तम करंडक फक्त महाविद्यालयांसाठी, तिथे चौकशी करत बसू नका. प्रवेशिकेसोबत लेखकाचं परवानगीपत्र आणि परिनिरीक्षण प्रमाणपत्र लागतं. संस्था नोंदणीकृत हवी का, हे नियमावलीत आधी बघा. सोसायटी म्हणून नोंदणीला किमान सात सभासद लागतात, आणि मग दरवर्षी हिशेबतपासणीही मागे लागते. स्पर्धेला सेट नेणाऱ्या टेम्पोचं भाडं जाण्यायेण्याचं धरा. परत येताना तो अर्धा रिकामा असला तरी पैसे तेवढेच घेतो.

शेवटी, नाट्यगृहाच्या अनामतीची मूळ पावती ज्याच्या नावावर आहे त्यानंच, प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी, परताव्याचा अर्ज टाकावा. सोबत बँकेचा रद्द केलेला चेक न्यावा.