वॉश बेसिन स्वतः बसवा, कामाचा दर काढायला शिका

होम रिपेअर सर्व्हिस सुरू करायचीये? मग पहिलं बेसिन स्वतःच्या घरात बसवा. कस्टमरच्या घरी शिकायला जाऊ नका.

माल घेताना

बेसिनला ओव्हरफ्लोचं भोक असेल तर हाफ थ्रेड वेस्ट कपलिंग घ्या, नसेल तर फुल थ्रेड. हे न बघता माल आणला की दुकानाची एक फेरी वाढलीच.

कामाचा क्रम

१. मेन व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून पाईप रिकामा करा.

२. पिलर कॉक आणि वेस्ट कपलिंग बेसिन खाली असतानाच लावा. भिंतीवर टांगल्यावर मागे पाना फिरवायला जागा नसते.

३. बेसिनची वरची कड जमिनीपासून साधारण ३२ इंचांवर ठेवा. लेव्हल लावूनच खुणा करा. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर मोड बंद.

४. रॅग बोल्टचे नट वॉशर घालून दोन्हीकडे सारखे आवळा. जास्त जोर दिला की सिरॅमिक तडकतं.

५. अँगल कॉकच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. कनेक्शन पाईपच्या नटात रबर वॉशर असतो, तिथे टेप नको. मग बॉटल ट्रॅप जोडा.

६. भिंतीलगतची फट सिलिकॉनने भरा आणि २४ तास सुकू द्या.

टेस्टिंग सोडू नका

सिलिकॉन सुकल्यावर बेसिन काठोकाठ भरा आणि पाणी एकदम सोडा. प्रत्येक जॉइंटला कोरडा टिश्यू लावून बघा. ओला झाला की जॉइंट उघडा, वॉशर नीट बसवा.

आता धंद्याचं गणित

समजा, मजुरी ६०० रुपये आणि काम दोन तासांचं. म्हणजे तासाला ३०० सुटले. पण लीकेजसाठी परत जावं लागलं, त्यात दीड तास आणि ५० रुपयांचं पेट्रोल गेलं. आता साडेतीन तासांत हातात ५५०, म्हणजे तासाला जेमतेम १५७! दहा मिनिटांच्या टेस्टिंगने हे वाचतं. नफा दर वाढवूनच मिळतो असं नाही, दुसरी फेरी टाळूनही मिळतो.

गृहपाठ

घरचं बेसिन बसवताना प्रत्येक पायरीला किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. माल आणि मजुरी वेगळी मांडा. तुमचं पहिलं कोटेशन याच पानावरून तयार होईल.