रायफल खाली ठेवायलाही शीक

सोनू, शनिवार-रविवारच्या रायफल शिबिरात नाव घातलंस हे आत्याकडून कळलं. फार बरं वाटलं गं. बदनापूरहून संभाजीनगर तसं जवळच, पण एसटीतून उतरून धापा टाकत रेंजवर जाऊ नकोस. अर्धा तास आधी पोच. सकाळी भाकरी खाऊन नीघ, चहा मात्र एकावर थांबव. केस घट्ट बांध, ओढणी घरी ठेव आणि सपाट तळव्याचे बूट घाल. जॅकेट, हातमोजे असलं काही आत्ताच विकत घ्यायचं नाही.

‘पोरीच्या हातात बंदूक कशाला?’ असं घरात चाललंय म्हणे. त्यांना सांग, ही दहा मीटरची एअर रायफल आहे. हवेच्या दाबावर चालते, तिच्यात दारू नसते आणि क्लबच्या रायफलवर शिकायला तुला शस्त्रपरवाना काढावा लागत नाही. शिवाय हा खेळ आपल्या महाराष्ट्रातल्या मुलींनीच गाजवलाय. अंजली भागवत एनसीसीतून नेमबाजीकडे वळल्या आणि पुढे जगात पहिल्या क्रमांकावर पोचल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकाराची, विश्वविजेती झाली. स्वप्नील कुसाळेचं पॅरिसचं कांस्यपदक तर सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ ची ऑलिंपिक खेळलेल्या, हे आत्याला मुद्दाम सांग.

आता रेंजवरचं. नळी कायम टार्गेटकडे, रायफल रिकामी असली तरीही. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. ‘स्टॉप’ ऐकू आलं की त्या क्षणी थांबायचं, ‘एवढा एक मारते’ म्हणायचं नाही. यात कुणी हयगय करताना दिसलं तर सरळ शिबिरातल्या सरांना सांग, भिडेखातर गप्प बसू नकोस.

पहिल्यांदा उचलशील तेव्हा रायफल जड वाटेल. चार-पाच किलोची असते ती. दंडाच्या जोरावर पेलायला गेलीस तर दहाव्या छर्‍याला हात कापायला लागेल. उजव्या हाताची आहेस ना, मग डावी कड टार्गेटकडे कर, कंबर किंचित पुढे काढ आणि डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकव. वजन हाडांवरून सरळ पायांत उतरलं पाहिजे. गाल रायफलीकडे वाकवायचा नाही, रायफल गालापर्यंत आणायची. मान वाकडी झाली की सगळंच बिघडतं. डावा डोळा मिटू नकोस. त्याच्यापुढे पट्टी लावून देतात, दोन्ही डोळे उघडे राहिले की चेहरा आखडत नाही.

मग साईटमधून बघ. पुढच्या कड्यात टार्गेटचा काळा गोल मधोमध येतो आणि हलत राहतो. तो सगळ्यांचाच हलतो, मोठ्या खेळाडूंचाही. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणून गोल क्षणभर मधे आला की ‘आत्ता!’ म्हणून ट्रिगर ओढावासा वाटतो. तिथंच छर्रा बाहेर जातो. श्वास अर्धा सोड, थांब आणि बोट हळूहळू मागे येऊ दे. सुटल्यावरही लगेच मान वर करून टार्गेटचं कार्ड बघायचं नाही. क्षणभर तशीच उभी राहा.

आणि सोनू, सगळ्यात महत्त्वाचं. आठ-दहा सेकंदांत नेम बसला नाही तर रायफल खाली घे. न मारता. शेजारचा मुलगा धडाधड मारत असेल, मागे कुणी बघत उभं असेल, तरी खाली घे. श्वास घे आणि पुन्हा सुरुवात कर. साठ छर्‍यांच्या सामन्याला सव्वा तास मिळतो, तो याचसाठी. बाईमाणसानं मागं सरलं की लोक लगेच ‘घाबरली’ म्हणतात, म्हणून आपल्याला हे जास्त अवघड जातं. म्हणू देत. डोळा थकलेला असताना मारलेला छर्रा जवळपास नेहमीच वाया जातो, आणि तो परत मागता येत नाही.

दोन दिवसांत दहा किती आले ते मोजू नकोस. कार्डावरची भोकं एकमेकांजवळ पडतात का, ते बघ. सगळी मिळून डाव्या कोपर्‍यात पडली तरी चालतील. साईटचे दोन-चार क्लिक फिरवले की ती मधे येतात. पसरलेली भोकं मात्र क्लिकनं जवळ येत नाहीत, त्यासाठी उभं राहणंच सुधारावं लागतं. सरांना तेच विचार, ‘माझा ग्रुप का पसरतोय?’

छर्रे शिशाचे असतात बरं का. जेवणाचा डबा उघडण्याआधी साबणानं हात धू. रविवारी रात्री फोन कर, तोवर आत्याशी मी बोलते.